खांद्यावरच्या हाताचं वजन

जुन्या घरांत भिंतीवर एक फोटो हमखास सापडतो. आजोबा खुर्चीत, डोक्याला पागोटं नाहीतर टोपी, हात मांडीवर. शेजारी आजी उभी, नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, आणि तिचा एक हात खुर्चीच्या पाठीवर. खुर्चीच्याच, आजोबांच्या खांद्यावर नाही. जन्माची जोडी, पण स्टुडिओत दोघांच्या मध्ये लाकूड.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं काम रिचर्ड रेनाल्डी या अमेरिकन फोटोग्राफरने केलं. २००७ पासून न्यूयॉर्कमध्ये आणि अमेरिकेतल्या इतर शहरांत ते रस्त्यावरून जाणाऱ्या दोन अनोळखी माणसांना थांबवायचे (कधी तिघांना), शेजारी उभं करायचे आणि एकमेकांना स्पर्श करून कॅमेऱ्याकडे बघायला सांगायचे. त्याआधी ते बसने प्रवास करणाऱ्यांचे फोटो काढत होते. बसस्थानकावर शेजारीशेजारी बसलेली, पण एकमेकांना न ओळखणारी माणसं एका फ्रेममध्ये घ्यायची तर प्रत्येकाला विचारावं लागायचं. कल्पनेचं मूळ तिथलं. 'टचिंग स्ट्रेंजर्स' नावाच्या या मालिकेसाठी २०१३ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी झाली आणि २०१४ मध्ये अ‍ॅपर्चर या संस्थेने पुस्तक काढलं.

हे फोटो पाहिले की वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, बघा, माणुसकी. दुसरी म्हणते, कसली माणुसकी, पोझ दिलेली आहे सगळी. पोझ दिलेली आहेच, आणि रेनाल्डींनी ते कधी लपवलेलं नाही. कोणी कुठे हात ठेवायचा, किती जवळ यायचं हे फोटोग्राफर सांगतो. मग फोटोत खरं काय उरतं? माझ्या मते, वजन. चेहऱ्यावरचा भाव आणता येतो, पण खांद्यावर हात खरोखर सोडला आहे की नुसता टेकवला आहे, हे खोटं करता येत नाही. कापड सांगतं. असा फोटो काढायचा असेल तर सगळी मेहनत त्या वजनासाठी करायची. भावना बघणारा आपापल्या घरून घेऊन येतो.

रेनाल्डींचा कॅमेरा आठ बाय दहा इंचांच्या फिल्मचा, लाकडी पेटीच्या जमान्यातला प्रकार. फिल्मचा एकेक तुकडा ए-फोर कागदापेक्षा जरासाच लहान. पुढे लेन्स, मागे घासलेली काच, मध्ये हार्मोनियमसारखा भाता. डोक्यावर काळं कापड घेऊन काचेवर बघायचं. चित्र उलटं, डावं-उजवंही बदललेलं. भिंगाने डोळ्यांवर फोकस लावायचा. मग शटर बंद करायचं, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) लहान करायचं, शटर ताणायचं, काचेच्या जागी फिल्मचा होल्डर सरकवायचा आणि त्यावरची काळी स्लाइड (फिल्म झाकणारी पट्टी) ओढून काढायची. हा क्रम चुकला की फिल्म गेली. नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे फोकस करताना उघडलेलं शटर तसंच ठेवून स्लाइड ओढणं. फिल्म तिथल्या तिथे पांढऱ्या प्रकाशात न्हाते. दुसरी चूक म्हणजे फोटो झाल्यावर स्लाइड उलटी न करणं. पांढरी कड म्हणजे कोरी, काळी म्हणजे वापरलेली, असा संकेत आहे. तो पाळला नाही तर एकाच तुकड्यावर दोन जोड्या बसतात आणि अनोळखी चौघंजण एकमेकांत विरघळतात.

होल्डर आत गेला की फोटोग्राफरला काचेतून काहीच दिसत नाही. तो कापडाखालून बाहेर येतो, कॅमेऱ्याच्या शेजारी उभा राहतो, हातात केबल रिलीज (शटर दाबायची तार), आणि समोरच्या दोघांकडे उघड्या डोळ्यांनी बघतो. या फोटोंतल्या माणसांच्या नजरेत जो शांतपणा दिसतो, त्याचं अर्धं श्रेय मी या मजबुरीला देतो. हातात धरायचा कॅमेरा फोटोग्राफरचा चेहरा झाकतो. आधीच परक्या माणसाला चिकटून उभ्या असलेल्या माणसासमोर आपण आणखी एक मुखवटा धरतो.

डिजिटलवरही हे जमतं, फुकटात. कॅमेरा ट्रायपॉडवर, उंची दोघांपैकी बुटक्याच्या छातीइतकी. फ्रेम ठरवा, फोकस लावून मॅन्युअलवर टाका, रिमोट हातात घ्या आणि कॅमेऱ्याला लागून उभे राहा, लेन्सपासून हातभरही दूर नाही. त्याहून लांब गेलात की दोघांची नजर तुमच्यामागे जाते. मोबाइलवर काढणाऱ्यांनी ब्लूटूथचं बटण घ्यावं, स्वस्तात मिळतं.

आता थोडं गणित. आठ बाय दहाला ३०० मिलिमीटरची लेन्स धरू. दोन माणसं डोक्यापासून पायापर्यंत हवी असतील तर कॅमेरा साधारण ३ मीटरवर येतो. एफ ५.६ ला (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं) या अंतरावर धारदार पट्टा, म्हणजे पुढेमागे जेवढ्या खोलीत सगळं स्पष्ट येतं तो, मिळतो जेमतेम २० सेंटिमीटरचा. एकजण दुसऱ्याच्या अर्धा पाऊल मागे उभा असेल तर एकाचे डोळे गेले. एफ १६ ला हाच पट्टा ५५ ते ६० सेंटिमीटर होतो, म्हणून तिथेच थांबायचं. उघड्या सावलीत १६० च्या फिल्मवर (आकडा मोठा तितकी फिल्म उजेडाला जास्त संवेदनशील) एफ १६ ला शटर येतं साधारण १/२५ सेकंद. भाता ताणल्यामुळे प्रकाश थोडा कमी पोचतो, त्यासाठी तिसरा हिस्सा स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे १/२०. इतक्या वेळात माणूस डुलतो. उभा माणूस श्वासागणिक पुढेमागे होतच असतो, त्यात दुसऱ्याचं वजन अंगावर. म्हणून ४०० ची फिल्म बरी. शटर १/५० च्या आसपास येतं. फुल फ्रेम डिजिटलवर (सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा) कमरेपर्यंतचा फोटो ५० मिलिमीटरने काढायचा तर अंतर सुमारे पावणेदोन मीटर. तिथे एफ १.८ ला पट्टा १२ सेंटिमीटर आणि ५.६ ला ३८. पार्श्वभूमी लोण्यासारखी मऊ करायच्या नादात दुसऱ्या माणसाचा चेहराही लोणी होतो. दोघंही सारखेच धारदार हवेत. एकजण धूसर झाला की फोटो 'एक माणूस आणि त्याच्यासोबत कुणीतरी' असा होतो.

तांत्रिक भाग इथपर्यंत सोपा. खरी पंचाईत दुसरा माणूस मिळवण्याची.

पहिला 'हो' म्हणतो तेव्हापासून घड्याळ सुरू होतं. दहा मिनिटांत दुसरा मिळाला नाही तर पहिला निघून जातो, आणि त्याला जाऊ द्यावं. त्यामुळे जागा अशी निवडायची की दोन वर्दळी एकमेकींना छेदतात: मंडईचं दार आणि बसथांबा, कॉलेजचं फाटक आणि हॉस्पिटलची वाट. एकाच वर्दळीत सगळे एकाच घाईत असतात. पहिल्याला नुसतं उभं करून ठेवू नका, काम द्या. रिफ्लेक्टर धरायला सांगा, त्याच्या चेहऱ्यावर उजेड मोजा, जागेवर उभं करून फोकस लावून घ्या. दुसरा माणूस शोधायला मात्र त्याला लावू नका. तो स्वतःसारखाच कोणी पकडून आणतो, किंवा सरळ ओळखीचा.

विचारताना सगळ्यात अवघड गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगायची. "काका, दहा मिनिटं आहेत का? मी एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांचे एकत्र फोटो काढतोय. फोटोत तुमचा हात त्यांच्या खांद्यावर असेल. नको वाटलं तर मध्येच सांगा, लगेच थांबू." बरेच जण उलटं करतात. आधी नुसत्या फोटोला हो म्हणवून घेतात, माणूस उभा राहिला की हळूच स्पर्शाचं काढतात. तो भिडेखातर नाही म्हणत नाही, आणि ती भीड फोटोत येते: हनुवटी आत, कोपर बरगड्यांना चिकटलेलं.

जोडी लावताना विरोधाभासाचा मोह आवरावा. भगवी वस्त्रं आणि पांढरी टोपी, सूटवाला आणि हमाल. असं केलं की फोटो राष्ट्रीय एकात्मतेच्या सरकारी कॅलेंडरसारखा दिसतो. बघणारा दोन सेकंदांत अर्थ लावून पुढे जातो. उंचीत वीतभर फरक, कपड्यांचे रंग एकमेकांना न खाणारे, एवढं पुष्कळ आहे. कधीकधी एकसारखी दिसणारी दोन माणसंच जास्त वेळ बघायला लावतात, कारण भाऊ आहेत का, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये माणसामाणसांतल्या अंतराच्या पायऱ्या मांडल्या. त्यांत साधारण ४५ सेंटिमीटरच्या आतली जागा अगदी जवळच्यांची. हे आकडे अमेरिकेतल्या मध्यमवर्गीयांवरून काढलेले, हे त्यांनीच म्हटलं होतं. आपल्याकडे विरार लोकलमध्ये तीन जणांच्या बाकावर 'जरा सरकून घ्या' म्हणत चौथा टेकतो आणि तासभर मांडीला मांडी लावून प्रवास करतो, तिथे हे ४५ सेंटिमीटर उरतच नाहीत. पण त्या स्पर्शाचा एक अलिखित नियम आहे: बघायचं नाही. नजर मोबाइलवर, खिडकीबाहेर, समोरच्याच्या डब्याच्या पिशवीवर. फोटोत नेमकं उलटं होतं. स्पर्श तेवढाच, पण आता कुणीतरी बघतंय. म्हणून गर्दीला सरावलेला माणूसही कॅमेऱ्यासमोर ताठतो. 'आपल्या लोकांना स्पर्शाचं काय एवढं' या भ्रमात राहू नका.

पोझ पायांपासून लावायची. अनोळखी माणसं जवळ या म्हटलं की कमरेपासून वर जवळ येतात, पाय जागेवरच ठेवतात. खांद्याला खांदा लागलेला, खाली मात्र दोन फुटांची फट, तंबू दिसतो. आधी पाय सरकवा, आतल्या दोन पावलांमध्ये एक वीत राहील इतके. मग दोघांनाही आतल्या पायावर भार घ्यायला सांगा. खांदे आपोआप एकमेकांकडे कलतात. यानंतर हात.

आता जवळून बघा. सुती शर्टाचा खांदा, त्यावर दुसऱ्याचा हात. पहिल्यांदा फक्त बोटांची टोकं लागलेली असतात, तळव्याखाली पोकळी, कापडाला एकही सुरकुती नाही. मनगट उचललेलं, जणू तवा गरम आहे का ते बघतोय. हा टेकवलेला हात. "हात जड करा" म्हणा, आणि कोपर खाली सोडायला सांगा. कोपर वर असेपर्यंत तळवा बसत नाही. तळवा बसला की कापड दबतं, शिवण अर्धा बोट खाली सरकते, कॉलरपासून बोटांपर्यंत दोन-तीन चुण्या पडतात. त्याच क्षणी ज्याच्या खांद्यावर हात आहे त्याचा खांदा कानाकडे उचलला जातो. हा उचललेला खांदा पंधरा-वीस सेकंद राहतो. दोघांनाही तोंडाने श्वास सोडायला सांगा. खांदा खाली आला की फोटो. त्याआधी काढलेला फोटो फुकट. 'रिलॅक्स व्हा' म्हणून आजवर कोणी सैल झालेलं नाही.

हात पाठीमागून कमरेवर किंवा दूरच्या खांद्यावर ठेवला तर आणखी एक भानगड होते. हात दिसतच नाही, किंवा खांद्यावर नुसती चार बोटं दिसतात, पाल बसल्यासारखी. ज्याच्या खांद्यावर हात आहे त्याला कॅमेऱ्यापासून थोडं तिरकं करा, साधारण ३० अंश, म्हणजे दुसऱ्याचा पंजा मनगटासकट दिसतो आणि तो कोणाचा आहे हे कळतं. सॅकचा पट्टा उतरवून घ्या, वजन दाखवणारी जागा तोच झाकतो. उतरवलेल्या पिशव्या ट्रायपॉडच्या पायांत, दोघांच्या नजरेसमोर ठेवा. पिशवी पाठीमागे असेल तर लक्ष तिकडे असतं, आणि बरोबरच आहे ते.

हसू. कॅमेरा दिसला की हसायचं ही आपली सवय, तिच्याशी भांडू नका. एक फोटो हसून काढा, दाखवा, दोघं खूश. मग म्हणा, "आता नुसतं बघा." खरा फोटो हा दुसरा. फोकस लावल्यापासून शटर दाबेपर्यंत दोघांना गप्पांत घालू नका. बोलता बोलता अंतर बदलतं, आणि उघडं तोंड १/५० सेकंदाला कधीच शोभत नाही.

उजेडाबद्दल एकच सांगतो, कारण दोन माणसांच्या फोटोत ते वेगळं असतं. इमारतीची सावली, समोर मोकळं आकाश, हे सगळ्यांना माहीत आहे. पण दोघांचा वर्ण फार वेगळा असेल तर सावळ्या माणसाला उजेडाच्या बाजूला उभं करा आणि गोऱ्याला आतल्या बाजूला. अर्ध्या-पाऊण स्टॉपचा फरक तिथेच मिटतो. निगेटिव्ह फिल्मवर सावळ्या चेहऱ्यावर मोजा, फिल्म जास्तीचा उजेड सहज पचवते. डिजिटलवर उजळ चेहऱ्यावर मोजा आणि दुसरा नंतर एडिटिंगमध्ये थोडा उजळ करा. कॅमेऱ्याच्या भरवशावर सोडलं तर तो सरासरी काढतो: एकाचा चेहरा पिठासारखा, दुसऱ्याचा कोळशासारखा.

इथल्या रस्त्यावर काही गोष्टी वेगळ्या आहेत. पुरुषा-पुरुषांत, बायका-बायकांत हातात हात सहज जातो, त्यामुळे सुरुवात तशा जोडीपासून करावी. तरुणाने म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवणं दोघांनाही खटकतं, आगाऊपणा वाटतो. उलटं केलं, म्हाताऱ्याचा हात पोराच्या डोक्यावर गेला, तर आशीर्वादाचं चित्र तयार होतं आणि अनोळखीपण संपतं. यावर उपाय म्हणजे तरुणाने दंडाला, कोपराच्या वर धरायचं. रस्ता ओलांडताना धरतात तसं. सवयीचं आहे आणि वजनही नीट पडतं. बाई आणि पुरुष अशी जोडी असेल तर आधी बाईंना विचारायचं, एकट्यांना, पुरुषाला ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर, आणि स्पर्श कोणता हे त्यांनीच ठरवायचं. पाठीला पाठ लावून उभं राहणंही स्पर्शच आहे, आणि वजन त्यात सगळ्यात जास्त पडतं. लहान मुलं पालकांशिवाय नाहीत, पालक समोर असले तरी मुलाने मान हलवली तर नाही. रेल्वेच्या हद्दीत व्यावसायिक फोटो काढायला परवानगी लागते. ट्रायपॉड उघडला की मॉलचा किंवा सोसायटीचा वॉचमन येणारच, त्याला आधीच जाऊन सांगितलं तर तो कधीकधी दुसरा माणूस म्हणून उभाही राहतो.

संमतीपत्रं दोन, वेगवेगळ्या कागदांवर, मराठीत. एकाच कागदावर दोघांची सही घेतली की एकाचं नाव-नंबर दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जातो. कागदावर तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: फोटो कुठे दाखवणार, विकणार का, आणि नको वाटलं तर कोणाला फोन करायचा. दोघांपैकी एकाने जरी नंतर नको म्हटलं तरी फोटो काढून टाकायचा, अर्धा कापून वापरायचा नाही.

आणि मथळा. हे दोघं एकमेकांचे कोणी नाहीत, हे सांगितल्याशिवाय फोटो पूर्ण होत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मथळा पहिल्या फॉरवर्डलाच गळून पडतो. मग उरतो एक पुरुष आणि एक बाई, खांद्यावर हात. पुढचं काय होतं ते इथे कोणाला समजावून सांगायला नको. त्यामुळे नेटवर टाकायच्या प्रतीत 'दोघं अनोळखी' हे शब्द फोटोच्याच आत, खालच्या पांढऱ्या पट्टीवर छापायचे. पट्टी फ्रेमच्या उंचीच्या दहाव्या हिश्शाएवढी. कापणारा कापेलच, पण त्याला मुद्दाम कापावं लागेल.

प्रिंट दोघांनाही द्यायची, सहा बाय आठची चालेल, दोन वेगळ्या पाकिटांत, दोन वेगळ्या पत्त्यांवर. एकाने दुसऱ्याचा नंबर मागितला तर देऊ नका. हवा असेल तर तो त्यांनी तिथेच, हात खांद्यावरून काढल्यावर, स्वतःच मागून घ्यायचा होता.